भाऊंची मांडी, माझी गोळी

१२ डिसेंबर, गुरुवार

आज भाऊ न्हाणीघरात पडले. लागलं काही नाही, पण माझा नवरा प्रितेश त्यांना उचलायला धावला आणि माझ्या सासऱ्यांचं वर्षभराचं गुपित उघडं पडलं. उजव्या मांडीत, अगदी वरच्या बाजूला, सोललेल्या नारळाएवढी गाठ. प्रितेश ओरडला म्हणून सासूबाई धावल्या, सासूबाई ओरडल्या म्हणून शेजारच्या रंगूबाई धावल्या, आणि भाऊ टॉवेल सावरत सगळ्यांना "भायेर व्हा!" म्हणून ओरडत होते. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सासऱ्यांची मांडी सुनेने बघायची नसते, एवढं माहेरी, वळ गावात, माझ्या आईने शिकवून पाठवलंय.

सासूबाईंनी विचारलं, "वरीसभर सांगितला का न्हाय?"

"सांगनार काय? जागा अशी हाय," भाऊ म्हणाले.

आमच्या राहनाळ गावात गोडाऊन उभी राहत होती तेव्हा एकेका कंपनीच्या साहेबाला उन्हात उभं करून रस्त्याचा निकाल लावणारा हा माणूस. आणि लाजला कशाला, तर मांडीला! मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून हसले. मग गाठीचा आकार आठवला आणि हसू गेलं.

माझे तेच दिवस चालू आहेत, दुसरा दिवस. सासूबाईंनी नेहमीसारखं मागच्या खोलीत बसवलं. पाणी भरू नको, पीठ मळू नको, कशाला हात लावू नको. एवढं शिकून, वळच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचचं ऑफिस सांभाळूनही घरी आलं की हा नियम आहेच. गंमत म्हणजे नणंद रुचिका माहेरी आली होती तेव्हा तिच्या त्याच दिवसांत ती चुलीपाशी बसून बोंबील तळत होती, सासूबाई काही बोलल्या नाहीत. नियम फक्त सुनेला. असो. झोपायला मिळतं, तेवढाच फायदा.

१४ डिसेंबर, शनिवार

भाऊ एवढं होऊनही सकाळी भिवंडीला जाऊन कलेजी घेऊन आले. महिन्यातून एकदा त्यांना ही हुक्की येतेच. सासूबाई हिरव्या वाटणात करतात छान, पण भाऊ स्वतः दोन तुकडे खाऊन "पोट भरला" म्हणतात आणि उरलेली सगळी माझ्या ताटात. एवढं वेड आहे तर खावं ना माणसाने! मला कलेजी आवडत नाही हे सांगायची आता सोय राहिली नाही, लग्नाला पाच वर्षं झाली.

२८ डिसेंबर, शनिवार

गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता. रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, मांडीच्या मांसातला. प्रितेशने गाडीतच मला सांगितलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला. मी पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, "पसरलेला नाही म्हणालेत ना? मग कापून काढतील." आवाज घट्ट ठेवला. घरी आल्यावर मात्र भाजी फोडणीला टाकताना मीठ दोनदा घातलं.

भाऊंना सांगितलं सासूबाईंनी. दोघं ओट्यावर बसली होती. भाऊ समोरच्या कंटेनरच्या रांगेकडे बघत म्हणाले, "चाय ठेव."

९ जानेवारी, गुरुवार

ठाण्याला डॉक्टर गंधार कर्णिकांकडे गेलो. गाठींचे कॅन्सर काढण्यातच त्यांची हयात गेली आहे, असं सगळे सांगतात. माणूस पन्नाशी उलटलेला, हसरा. त्यांनी पडदा ओढून भाऊंची मांडी तपासली. पडद्याआडून भाऊंचा आवाज: "जरा लवकर आटपा, सायेब."

मग सगळ्यांना बसवून सांगितलं. ऑपरेशन मोठं आहे. गाठीला रक्तवाहिन्या खूप, रक्त बरंच जाऊ शकतं, आणि भाऊंच्या अंगात मुळातच कमी आहे. म्हणून भूल दिल्यावर शिरेतून एक औषध देणार. ते समजावून सांगताना म्हणाले, "भाऊ, कापलं की शरीर तिथे लगेच एक जाळं विणतं आणि रक्त थोपवतं. पण शरीरातच ते जाळं विरघळवणारेही कामाला असतात. हे औषध त्यांना थोडा वेळ सुट्टीवर पाठवतं. विणलेलं जाळं टिकतं, रक्त कमी जातं, दुसऱ्याचं रक्त चढवायची वेळ कमी येते."

"नाव काय त्याचं?" प्रितेशने विचारलं.

"ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड."

माझा हात पर्सवर गेला. पर्समध्ये पाकीट होतं, आज पहिलाच दिवस. पाकिटावर हेच नाव. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या गोळ्या, मला जास्त जातं त्या दिवसांसाठी. घरात कुणालाच ठाऊक नाही. प्रितेशला एवढंच माहीत की 'कसल्यातरी' गोळ्या आहेत. एरवी पाकीट मी खसखशीच्या डब्यामागे ठेवते, कारण खसखस वर्षातून एकदा लागते. डबा कधीकधी पुसून ठेवलेला दिसतो, पण पाकिटाला कुणी हात लावलेला नाही.

मी पर्सची चेन ओढून घेतली. सासऱ्यांसमोर काय बोलणार?

डॉक्टरांनी धोकाही सांगितला. कॅन्सर असला की रक्ताचा गुठळी धरायचा कल आधीच वाढलेला असतो, त्यामुळे हृदयाचं, मेंदूचं, पायाच्या शिरांचं काही जुनं दुखणं आहे का, कधी फीट आली का, हे सगळं विचारून घेतलं. भाऊंचं तसलं काही नाही. "आजवरच्या अभ्यासांत या औषधाने गुठळ्या ठळकपणे वाढलेल्या दिसल्या नाहीत," ते म्हणाले, "पण धोका शून्य आहे असं मी सांगणार नाही. ऑपरेशननंतर आम्ही लक्ष ठेवू, लवकर चालवू."

एवढ्या सगळ्यातून भाऊंनी एकच शब्द घरी आणला. गुठळी.

११ जानेवारी, शनिवार

केसरीनाथकाका आले. हे भाऊंचे बालमित्र, पलीकडच्या आळीत घर, दिवसातून दोनदा आमच्या ओट्यावर हजेरी. त्यांचा थोरला भाऊ मेंदूत गुठळी होऊन गेला, तेव्हापासून त्यांना जगातलं प्रत्येक मरण गुठळीनेच होतं असं वाटतं.

"रगत गोठवायचं इंजेक्शन?" काका म्हणाले. "भाऊ, तू दूध हायस का दही लावायला?"

झालं. भाऊंनी जाहीर केलं, ते इंजेक्शन घेणार नाही. प्रितेशने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती नाही, त्याच्याशिवायही करता येईल, पण मग रक्ताच्या बाटल्या जास्त हाताशी ठेवाव्या लागतील, आणि भाऊंचं रक्त एवढं कमी असताना दुसऱ्याचं चढवायची वेळ टाळलेलीच बरी. हे ऐकून भाऊ म्हणाले, "दुसऱ्याचं रगत नको, ते इंजेक्शन नको. ऑपरेशनच नको. दुखत न्हाय, खुपत न्हाय. राहू दे तिला तिथेच."

प्रितेश चिडला, ओरडला, बाहेर निघून गेला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी काय केलं होतं?

१५ जानेवारी, बुधवार

आजचा प्रताप लिहिलाच पाहिजे. केसरीनाथकाकांनी शोध लावला की गणेशपुरीच्या गरम कुंडात बसलं की गाठ विरघळते. दोघे म्हातारे सकाळच्या एसटीने गेले, कुणाला न सांगता. संध्याकाळी परत आले ते लालबुंद होऊन. काकांच्या पाठीची सालटं निघायची बाकी होती. भाऊ लुंगीवरूनच मांडी चाचपत होते.

"विरघळली काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मऊ पडली हाय जरा," भाऊ म्हणाले.

"ती न्हाय, तुमचं डोकं मऊ पडलं हाय," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. मला एवढं हसू आलं की काकांना चहा देताना बशी हिंदकळली.

मग प्रितेशने सांगितलं. त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, थांबलं तर काय. ते म्हणाले, थांबण्यासारखी ही गाठ नाही. आज ती मांडीत आहे आणि पाय वाचवून निघते. उद्या फुप्फुसात गेली तर डॉक्टरांच्या हातात फार काही उरणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी जेवायला केसरीनाथकाका होते. भाऊ, काका आणि प्रितेश पाटावर, सासूबाई वाढत होत्या, मी स्वयंपाकघराच्या दारात भाकऱ्यांची टोपली घेऊन. प्रितेश पुन्हा विनवत होता, डॉक्टरांना उद्या कळवायचं आहे. भाऊ ऐकेनात. शेवटी काका जिताड्याचा काटा बाजूला काढत म्हणाले, "प्रितेश, तू शिकलेला हायस. मना एक मानूस दाखव, आपल्या राहनाळमधला, ज्यानं ते औषध घेतलं आनि जिता हाय. एकच दाखव."

"मी," मी म्हणाले.

कोण बोललं ते आधी मलाच कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी घेते. दर महिन्याला. मला... त्या दिवसांत फार जातं. डॉक्टरीणबाईंनी दिलंय. तेच औषध आहे, माझं गोळीतलं, भाऊंचं इंजेक्शनातलं. दोन वर्षं झाली."

काका ताटावरून उठले, हात धुवायचे राहिले, चपला उलट्या घातल्या आणि गेले. प्रितेश डोळे फाडून बघत होता. सासूबाईंचा वाढता हात जरासुद्धा थांबला नाही, बहुतेक ऐकूच आलं नसावं. त्यांनी भाऊंना भात वाढला.

भाऊ ताटात बघत होते. मान वर न करता म्हणाले, "चक्कर येते काय अजून?"

"आता नाही येत," मी म्हणाले.

"बरं," भाऊ म्हणाले, आणि सगळा भात संपवला.

मी मागच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. लाजेने कान तापलेत. वळला आईला कळलं तर काय म्हणेल! पण चक्कर यायची हे मी कुठे सांगितलं होतं? आज सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

भाऊंनी सकाळी चहाबरोबर प्रितेशला सांगितलं, "फोन लाव डॉक्टरला. काय द्यायचं ते दे म्हनाव."

घरात दिवाळी. प्रितेशने मला स्वयंपाकघरात गाठून गालाला चिमटा काढला. मी मात्र ऑफिसात पोचेपर्यंत घाबरले. गोळी वेगळी, शिरेतून दिलेलं वेगळं. मी तिशीची, ते सत्तरीचे. मला कॅन्सर नाही. मी हे काय बोलून बसले? जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना मीच फोन केला आणि सगळं सांगितलं, अडखळत.

ते हसले, पण चिडवण्यासारखं नाही. म्हणाले, "दिपालीताई, तुमचं उदाहरण म्हणजे पुरावा नाही, हे खरं. तुम्हाला चाललं म्हणून त्यांना चालेल असं नसतं. ते ठरवायचं काम माझं आणि भूलतज्ज्ञांचं, आणि ते आम्ही केलंय. भाऊंशी मी पुन्हा बोलेन, फायदा आणि धोका दोन्ही सांगेन, मगच सही घेईन. तुम्ही फक्त त्यांची भीती घालवलीत."

भीती घालवली खरी, पण ती गेली कुठे? माझ्याकडे आली. आता भाऊंना काही झालं तर गाव म्हणणार, दिपालीच्या गोळीने झालं. गावाचं सोडा, मीच म्हणेन.

२९ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन झालं.

आत नेताना भाऊंना हिरवा झगा घातला होता, मागून नाड्या असलेला. ते दोन्ही हातांनी मागची बाजू धरून स्ट्रेचरवर चढले. मला म्हणाले, "तुझ्या गोळीच्या जीवावर चाललो हाय गो." बहुतेक चेष्टेने.

वाट बघताना सासूबाई जपमाळ ओढत होत्या आणि मी खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत होते. रक्तासाठी आमच्या गोडाऊनमधले चार हमाल ब्लड बँकेत रक्त देऊन आले होते. त्यातला एक शेजारी बसून फुकटचं बिस्कीट खात होता.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली, केस घामाने चिकटले होते. "गाठ पूर्ण निघाली. पाय शाबूत आहे. रक्त माझ्या अंदाजापेक्षा बरंच कमी गेलं, एकही बाटली चढवावी लागली नाही."

सासूबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर संकोचले. "श्रेय सगळं औषधाला देऊ नका हं. आमच्या भूलतज्ज्ञ ओवी मॅडमनी प्रेशर छान सांभाळलं. आणि माझाही हात अगदीच वाईट नाही."

हमाल पुढे सरकला. "तो भाभी, हमारा खून वापस मिलेगा क्या?"

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. प्रितेशने मला कोपऱ्यात नेऊन बसवलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

हसू फार दिवस टिकत नाही. सकाळी भाऊंचा पाय सुजला. ऑपरेशनचाच पाय, पण गुडघ्याच्या खाली, पोटरीत. हात लावला तर गरम. नर्सने बघितलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. केसरीनाथकाका नेमके भेटायला आले होते. त्यांनी पाय बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मनात एकच: मी म्हणाले नसते तर. 'मी' एवढंच अक्षर तोंडातून काढलं नसतं तर भाऊ आज घरी ओट्यावर असते. गाठ असती, पण असते तरी.

सासूबाई येऊन शेजारी बसल्या. त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच असं केलं असेल.

"रडू नको. बोलायचं माझं होतं. मना तोंड झालं न्हाय, तुला झालं."

त्यांचं बोलायचं काय होतं, ते मला कळलं नाही. बहुतेक ऑपरेशन करा म्हणून सांगायचं असेल. विचारायला सुचलंही नाही.

पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली. डॉक्टर कर्णिक स्वतः मशीनशी उभे होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "शिरा मोकळ्या आहेत. गुठळी नाही. एवढं मांस काढलंय, सूज येणारच. पाय उंच ठेवा आणि संध्याकाळी त्यांना आणखी चालवा."

केसरीनाथकाकांनी दोनदा विचारून खात्री केली. मग खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले. मी दोन खाल्ले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊ घरी आले. गल्लीत फटाक्यांची माळ लावली, भाऊ ओरडले, "निवडून आलोय काय मी?" पण खूश होते. वॉकर धरून चालतात. डॉक्टरांनी काही दिवस पोटावर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं द्यायला सांगितली आहेत. एवढे दिवस रक्त थांबवायचं आणि आता पातळ ठेवायचं, भाऊ म्हणतात डॉक्टरांचं एक काही ठरत नाही.

माझे दिवस कालच सुरू झाले. सासूबाईंनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या मला मागच्या खोलीत पाठवलं. म्हटलं, आई, आज तरी राहू दे, एवढी माणसं येणार, काम आहे. त्या म्हणाल्या, "रुचिका करील. तू पड." शेकायची पिशवी पलंगावर विसरून गेल्या होत्या, गरमच होती, मीच वापरली. आणि भाऊंनी प्रितेशला कलेजी आणायला पिटाळलं! भाऊंना डॉक्टरांनी सध्या हलकं खा म्हणून सांगितलंय, ते पेजेवर आहेत. मग कलेजी कुणी खायची? शेवटी मलाच खावी लागली. सवयीचा परिणाम, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे गाठ मुळासकट निघाली. काही आठवडे रेडिएशन घ्यावं लागेल, मग दर तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टर म्हणाले, पुढची काही वर्षं नजर ठेवायची, पण आज आनंद करा.

भाऊंनी विचारलं, "म्हंजे रंगूबाईच्या नातवाच्या हळदीला नाचायला हरकत न्हाय?"

"बसून नाचा," डॉक्टर म्हणाले.

५ मार्च, बुधवार

मी उद्यापासून तोंड बांधून फिरणार आहे. नाहीतर वळला माहेरी जाऊन राहीन.

रंगूबाईंच्या नातवाची, कुणालची हळद. मांडव, डीजे, मटणाची पातेली, अख्खं राहनाळ लोटलेलं. भाऊंना पुढच्या रांगेत गादीच्या खुर्चीवर बसवलं होतं. जो येतो तो विचारतो, भाऊ, एवढं मोठं ऑपरेशन, रक्त किती लागलं? भाऊ रंगात येऊन सांगत होते. मी बायकांना पानं वाढत होते, मला नीट ऐकू येत नव्हतं, बरं होतं.

आणि नेमका डीजे थांबला. गाणं बदलत होता. त्या शांततेत भाऊंचा आवाज मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला:

"एक बाटली लागली न्हाय! कशामुळं? आमच्या दिपालीच्या गोळीमुळं! अरे कसली म्हंजे? बायकांची! महिन्याला जास्त जाते ना, ती थांबवायची!"

पोळ्यांची टोपली माझ्या हातातच राहिली. पुरुष भाऊंकडे बघत होते, बायका माझ्याकडे. मग डीजे सुरू झाला, देव त्याचं भलं करो. मी मांडवामागे पातेल्यांपाशी जाऊन लपले. प्रितेश शोधत आला आणि हसून हसून खाली बसला. त्याच्याशी मी आज बोलणार नाही.

थोड्या वेळाने रंगूबाई आल्या. हळदीचं घर, पाय टेकायला वेळ नाही, पण माझं मनगट धरून बाजूला घेऊन गेल्या. "गो दिपाली, ती गोळी... माझ्या लेकीला आठ-आठ दिवस जाते. सांगते कोनाला?" मग त्यांची जाऊ आली. मग एक मुलगी, जिला मी फक्त चेहऱ्याने ओळखते. मी सगळ्यांना एकच सांगितलं, गोळी माझ्याकडून घ्यायची नाही, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, का जातंय ते त्या बघतात, गोळी सगळ्यांना चालतेच असं नाही. उद्या लग्न संध्याकाळचं आहे, सकाळी मी गाडी काढते, यायचं असेल त्यांनी या.

म्हटलं खरं, पण येणार कोण? दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर?

६ मार्च, गुरुवार

सकाळी अंगणात गाडी काढली तर तिघी उभ्या होत्या, हळदीच्याच साड्या, हातात पिशव्या, जणू भिवंडीला भाजीला निघाल्या आहेत. प्रितेश पुढच्या सीटवर बसला होता, त्याला सासूबाईंनी उतरवलं. भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, पाय स्टुलावर.

निघणार तेवढ्यात फाटकातून केसरीनाथकाका आले. मागे त्यांची सून चंद्रा, डोक्यावरून पदर, चेहरा पांढरा फटक. लग्न होऊन दीड वर्ष झालं असेल तिचं, आवाज मी अजून ऐकलेला नाही. काका माझ्याकडे बघेनात. गाडीच्या टायरकडे बघून म्हणाले, "दिपाली, ती तुझी... ती डॉक्टरीन हाय ना... हिला जरा..." आणि तिथेच अडले. चेहरा गणेशपुरीहून आले होते तेव्हासारखा लाल.

भाऊ ओट्यावरून गरजले, "अरे बोल ना सरळ! लाजतो काय! मी वरीसभर लाजलो तवा मांडीत नारळ झाला. आता अख्ख्या ठान्याला मांडी दाखवून आलोय. झिजलो काय?"

गाडीतल्या तिघी खोखो हसल्या. चंद्राही पदराआड हसली, मी बघितलं. काका मात्र हसले नाहीत. खिडकीपाशी वाकले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले, "दर महिन्याला चक्कर येऊन पडते गो ती. मना दिसते. सासऱ्यानं इचारायचं कसं?"

माझे डोळे एकदम भरून आले. बिचारे काका. दिसतं आणि बोलता येत नाही, एवढी माया मनात धरून माणूस कसा वावरत असेल? आमच्या भाऊंचं बरं आहे, त्यांना मी सांगेपर्यंत काही दिसलंच नव्हतं. मी चंद्राला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि गाडी काढली.